समुद्रासाठी पाण्याखाली उतरायचं असेल तर

मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून किंवा तारकर्लीहून होडीत बसायचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जायचं, प्रशिक्षकाच्या आधाराने दहा-पंधरा मिनिटं पाण्याखाली राहायचं आणि माशांच्या घोळक्यातला व्हिडिओ घेऊन घरी परतायचं. एवढा स्कूबाचा अनुभव आता महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत कुणी ना कुणी घेतलेला असतो. वर आल्यावर त्यातल्या काही जणांच्या मनात एक विचार घर करून राहतो. खाली हे एवढं सगळं आहे, ते जपायला आपला काही हातभार लागेल का? लागेल. जगभर असे हजारो हौशी पाणबुडे आहेत, जे नोकरी-धंदा सांभाळून प्रवाळांचे रंग टिपतात, मासे मोजतात, तळाचा कचरा काढून त्याची मोजदाद ठेवतात आणि त्या नोंदी संशोधकांच्या हाती देतात. हा लेख त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

सुरुवातीलाच एक स्पष्ट सांगायला हवं. या कामात उत्साहाची वाण कधीच नसते. कमी पडते ती पाण्याखालची सफाई आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी. शिकाऊ माणूस संवर्धनाच्या नावाखाली प्रवाळावर उतरला, तर तासाभरात जेवढं नुकसान करेल तेवढं वर्षभराच्या चांगल्या कामाने भरून निघणार नाही. म्हणून या लेखाचा बराचसा भाग समुद्र वाचवण्याआधीच्या तयारीबद्दल आहे.

आधी पोहणं, मग कोर्स

पर्यटकांना मिळते ती चाखून बघण्याची डुबकी. तिथे सगळी सूत्रं प्रशिक्षकाच्या हातात असतात आणि त्या अनुभवावर स्वयंसेवक होता येत नाही. त्यासाठी किमान ‘ओपन वॉटर’ हा पहिला रीतसर कोर्स लागतो. थोडं वाचन, तलावात किंवा उथळ पाण्यात सराव आणि समुद्रात चार डुबक्या असा तो तीन-चार दिवसांत पूर्ण होतो. पाडी या संस्थेच्या पद्धतीत २०० मीटर न थांबता पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं कशाचाही आधार न घेता तरंगत राहावं लागतं. वेळेची अट नसते, शैलीचीही नसते. दहा वर्षांपुढच्या मुलांनाही तो करता येतो. भारतात याचा खर्च साधारण २५ ते ४० हजार रुपयांच्या घरात जातो. ओपन वॉटरवाल्याला १८ मीटरपर्यंत जाता येतं, पुढचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ कोर्स केला की ३० मीटरपर्यंत. आपल्या कामासाठी १८ मीटर पुष्कळ झाले, कारण मोजण्यासारखे बहुतेक प्रवाळ उजेडाच्या ओढीने उथळ पाण्यातच असतात.

कोर्सच्या आधी प्रकृतीविषयी एक प्रश्नावली भरून घेतात. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, चालू औषधं असं सगळं त्यात विचारलेलं असतं. ती खरी भरा. ‘होय’ लिहिलं की डॉक्टरचं पत्र मागतील आणि सहल लांबेल, म्हणून लोक सर्रास ‘नाही’वर खुणा करतात. पण दाबाखालची हवा फुप्फुसाच्या दुखण्याला सवलत देत नाही. गरोदरपणात स्कूबा करायचंच नाही. सर्दी झालेली असताना कान मोकळे होत नाहीत, त्या दिवशी होडीवर बसून नोंदी ठेवण्याचं काम मागून घ्या.

पाण्याखालचे दोन नियम जिवाचे आहेत. श्वास कधीही रोखायचा नाही आणि वर येताना घाई करायची नाही. खोल पाण्यात दाबामुळे श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. माणूस झटकन वर आला तर त्याचे बुडबुडे होतात, ते सांध्यांत, मज्जारज्जूत अडकतात. म्हणून सावकाश वर यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आणि मगच पृष्ठभाग गाठायचा. ही गोष्ट होडीतून उतरल्यावरही संपत नाही. एकाहून अधिक डुबक्या झाल्या असतील तर निदान १८ तास विमानात बसू नका, हा सल्ला सगळे देतात. कोकणातून घाटावर परतणाऱ्यांना मात्र त्याची दुसरी बाजू कुणी फारशी सांगत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास ७०० मीटर उंच आहे. दुपारी मालवणात दोन डुबक्या मारून संध्याकाळी गाडी आंबोलीच्या घाटात घालणं म्हणजे शरीराला पुन्हा कमी दाबाच्या हवेत नेणं. कोल्हापूर, बेळगाव, पुण्याच्या मंडळींनी ती रात्र खालीच काढावी आणि दुसऱ्या दिवशी उशिरा घाट चढावा.

अधांतरी राहण्याची कला

पाण्याखाली वर-खाली न होता एका जागी स्थिर राहता येण्याला पाणबुडे बॉयन्सी म्हणतात. संवर्धनाच्या कामातलं सगळं कौशल्य जवळपास या एका गोष्टीत सामावलं आहे. मालवणात दिसणारा पोरायटीस जातीचा गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे हाताच्या ओंजळीएवढा गोळा हे दहा-बारा वर्षांचं काम असतं. त्याच्या पृष्ठभागावर जिवंत पॉलिपांचा पातळ थर असतो. गुडघा टेकला, हाताने आधार घेतला, पायातली फिन घासली की तो थर खरचटतो आणि जखमेवर शेवाळ धरतं. फिन्सने ढवळलेली रेती प्रवाळावर बसते आणि ती झटकून टाकण्यात त्याची शक्ती खर्च होते.

सरावाची दिशा अशी ठेवा. कमरेचं वजन गरजेपुरतंच लावा. नवशिक्यांना प्रशिक्षक एखादा जादा किलो देतात, तो पुढेही तसाच राहतो आणि मग जॅकेटमध्ये हवा भरत-सोडत माणूस सतत हिंदकळतो. शरीर आडवं ठेवा, पाय किंचित वर. पाय वर-खाली मारण्याऐवजी बेडकासारखे बाजूला फाकवून मारायला शिका, म्हणजे खालची रेती उडत नाही. लोंबकळणारं हवेचं गेज आणि श्वास घेण्याचं जादाचं रेग्युलेटर छातीशी अडकवून ठेवा, कारण ओरबाडतं ते बहुतेक वेळा तेच. मग श्वासावर काम करा. छाती भरली की शरीर हळूच वर येतं, रिकामी केली की खाली जातं. हे साधलं की हात मोकळे होतात.

स्वतःची परीक्षा घेण्याची एक सोपी युक्ती आहे. रेताड तळापासून हातभर वर तरंगत, हात न हलवता, पाटीवर पेन्सिलीने दहा ओळी लिहून बघा. दरम्यान तळाला स्पर्श झाला नाही आणि वरही गेला नाहीत, तर प्रवाळाजवळ जायला हरकत नाही. हे जमेपर्यंत कॅमेरा हातात घेऊ नका. कॅमेऱ्याच्या पडद्यात डोळे गुंतले की माणूस आपल्या पायांना विसरतो आणि प्रवाळ मोडण्याची निम्मी कारणं तिथे असतात. बॉयन्सीचा स्वतंत्र छोटा कोर्सही असतो. पुढच्या कोर्सचं कार्ड मिळवण्याआधी तो करावा असं माझं ठाम मत आहे.

नोंदीचं काम

कचरा वेचणं डोळ्यांना दिसतं, म्हणून लोक त्याच्याकडे आधी वळतात. पण पाणबुड्या स्वयंसेवकाचं सगळ्यात मोलाचं काम नोंदीचं आहे. जमिनीवरच्या जंगलात वनरक्षक रोज फिरतो. समुद्राच्या तळावर अशी रोजची नजर कुणाचीच नसते. एखाद्या खडपावर पाच वर्षांपूर्वी किती प्रवाळ होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नसेल, तर आज ते कमी झालं हे सिद्धच करता येत नाही.

लक्षद्वीपचं उदाहरण बघण्यासारखं आहे. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी १९९८ पासून अगत्ती, कदमत आणि कवरत्तीच्या प्रवाळांची सातत्याने मोजणी केली. १९९८, २०१० आणि २०१६ अशा तीन मोठ्या उष्ण लाटा त्या नोंदींत आल्या. सुरुवातीला तळाचा सुमारे ३७ टक्के भाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता, चोवीस वर्षांनंतर तो १९-२० टक्क्यांवर आला. हे ठामपणे सांगता येतं ते केवळ इतकी वर्षं त्याच जागी कुणी तरी मोजत राहिलं म्हणून.

प्रवाळाचा रंग त्याच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांमुळे येतो. त्याचं बहुतेक अन्नही तीच बनवतात. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ ही शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा पडला म्हणजे लगेच मेला असं नसतं, पाणी वेळेत निवलं तर तो सावरतो. या घडामोडीवर लक्ष ठेवण्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००२ मध्ये ‘कोरलवॉच’ हा उपक्रम सुरू केला. त्यात एक प्लास्टिकचा रंगतक्ता मिळतो. चार छटा आणि प्रत्येक छटेच्या फिक्यापासून गडदपर्यंत सहा पायऱ्या. प्रवाळाच्या सगळ्यात फिक्या आणि सगळ्यात गडद भागाशी तो तक्ता धरायचा, अंक पाटीवर लिहायचे, असे वीसेक प्रवाळ घ्यायचे आणि माहिती संकेतस्थळावर भरायची. तक्ता जवळ धरायचा, टेकवायचा नाही. नव्या स्वयंसेवकाने यापासून सुरुवात करावी. ओहोटीच्या वेळी खडकावर उभं राहूनही हे करता येतं, त्याला डुबकी लागतेच असं नाही.

माशांची गणना त्याहून अवघड, कारण आधी मासे ओळखता यायला हवेत. अमेरिकेतल्या ‘रीफ’ या संस्थेने १९९३ पासून हौशी पाणबुड्यांकडून मत्स्यगणना करून घेतली आहे. तिची पद्धत कुठेही वापरता येईल इतकी सुटसुटीत आहे. दिसलेल्या प्रत्येक जातीपुढे चारपैकी एक खूण करायची: एकच मासा, दोन ते दहा, अकरा ते शंभर, शंभराहून अधिक. फ्लोरिडाजवळ राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या गणनेत थेट सहभागी होता येतं. तिथे लायनफिश हा बाहेरून येऊन माजलेला मासा आहे आणि तो मारण्याच्या स्पर्धाही भरतात. आपल्या हिंदी महासागरात तो मूळचा रहिवासी आहे, त्याला हात लावायचं कारण नाही. परदेशातली संवर्धनाची रीत इथे जशीच्या तशी आणता येत नाही, ती यामुळे.

कोकणातल्या माणसाला मासे ओळखण्यात एक पाऊल पुढे असण्याची सोय आहे. गोब्रा, तांबोशी, मोरी, वाघळी, शेवंड, माकूल ही नावं बाजारात ऐकलेली असतात. फक्त ती जिवंत, रंगीत आणि खडपाच्या कपारीत बघायची सवय करावी लागते. मासळीबाजारात सकाळी जाऊन कोळणीला नाव विचारणं हा या अभ्यासाचा उत्तम भाग आहे. स्थानिक नावाशेजारी शास्त्रीय नाव लिहून ठेवा, कारण एकच नाव मालवणात एका माशाला आणि रायगडात दुसऱ्याला असू शकतं.

यापुढची पायरी ‘रीफ चेक’सारखी आखीव पाहणी. १९९७ मध्ये तिची पहिली जागतिक फेरी झाली. तळावर १०० मीटर लांबीची फीत अंथरायची, मध्ये थोडी जागा सोडत तिचे वीस-वीस मीटरचे चार तुकडे धरायचे आणि दर अर्ध्या मीटरवर फितीखाली काय आहे ते लिहायचं: जिवंत कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, मेलेला प्रवाळ, खडक, रेती, शेवाळ. हे कंटाळवाणं काम आहे हे आधीच मान्य करावं. वळून कासव बघावंसं वाटतं आणि बघता येत नाही. पण ज्याला हा कंटाळा सोसतो त्याची संशोधकांना खरी गरज असते.

छायाचित्रांची आवड असेल तर तिचाही उपयोग होतो. देवमाशाएवढ्या वाढणाऱ्या व्हेल शार्कच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि प्रत्येक प्राण्याची ठेवण वेगळी असते. आकाशातले तारे जुळवण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी तयार केलेली गणिती रीत वापरून ही ठिपक्यांची नक्षी जुळवतात. त्यासाठी डाव्या कुशीचा, कल्ल्यांच्या मागच्या भागाचा सरळ फोटो लागतो, सोबत तारीख आणि ठिकाण. मांटा वाघळीच्या बाबतीत पोटाचा. प्राण्याचा पाठलाग करून, वाट अडवून काढलेला फोटो संवर्धनाचा नव्हे, तो आपल्या हौसेचा.

कचरा आणि जाळी

‘डाइव्ह अगेन्स्ट डेब्री’ ही मोहीम २०११ पासून चालू आहे. नुसत्या सफाईपेक्षा ती वेगळी ठरते ती हिशेबामुळे. वर आणलेला कचरा होडीवर किंवा किनाऱ्यावर वेगवेगळा करायचा, प्लास्टिक, काच, धातू, कापड, जाळी अशा गटांत मोजायचा, वजन करायचं आणि जागा, खोली, वेळ, पाणबुड्यांची संख्या यांसह नोंदवायचा. त्याच जागी ठरावीक काळाने पुन्हा जायचं. आपल्याकडे स्वच्छता मोहिमा फोटोपुरत्या होतात आणि पिशव्यांची संख्या वर्तमानपत्रात येते. कोणत्या वस्तू होत्या, हे कुणी लिहीत नाही. ते लिहिलं तरच कचरा कुठून येतो आणि कुणाशी बोलायला हवं हे कळतं.

पाण्याखाली कचरा उचलताना घाई नको. बाटलीत, डब्यात डोकावून बघा, आत लहानसा ऑक्टोपस किंवा मासा राहायला आलेला असतो. ज्या वस्तूवर प्रवाळ, स्पंज वाढले आहेत ती आता समुद्राची झाली, ती तिथेच राहू द्या. प्रवाळात गुंतलेली दोरी ओढू नका. जमलं तर मोकळा भाग कापून घ्या, नाहीतर सोडा. चार-पाच किलोंपेक्षा जड काही उचलायचं तर हवेच्या पिशवीने उचलण्याचं प्रशिक्षण हवं. जड वस्तू हातात धरून, जॅकेटमध्ये हवा भरून वर येणाऱ्याच्या हातून ती सुटली, तर तो गोळीसारखा वर फेकला जातो.

अडकलेली जाळी हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. नायलॉनची जाळी कुजत नाहीत. खडपाला अडकून तुटलेलं जाळं मालक नसतानाही मासे, शेवंड, कासवं धरत राहतं. ते काढणं फार चांगलं काम आहे आणि नवशिक्यासाठी नाही. मंद उजेडात जाळ्याचे धागे दिसत नाहीत, फिनच्या बकलमध्ये, सिलिंडरच्या तोंडाशी ते अडकतात. शिकलेला गट, प्रत्येकाकडे कापायची दोन साधनं, वर होडीत माहीतगार माणूस असेल तरच. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका: पाण्यात दिसलेलं प्रत्येक जाळं टाकून दिलेलं नसतं. ते कुणाच्या तरी पोटाचं साधन असू शकतं. आधी गावातल्या मच्छीमारांना विचारा. बहुधा तेच सांगतील की कुणाचं जाळं कधी आणि कुठे अडकलं.

मालवणात काम करायचं तर

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. त्याचं क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी आणि पद्मगडाचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. पोरायटीस, फॅव्हायटीस, टर्बिनारिया अशा कणखर जातींचे प्रवाळ इथे गढूळ पाण्यात तग धरून आहेत. अंदमानचे फोटो बघून आलेल्याची निराशा होईल, पाण्यात काही मीटरच दिसतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीचा जोर कमी असतो आणि पाणी त्यातल्या त्यात निवळ राहतं. मोजणीसाठी ते दिवस धरावेत.

अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, कारण आपल्या पिढीजात पाण्यात आपल्यालाच बंदी होईल ही भीती होती. ती भीती समजून न घेता इथे कुणी संवर्धन करायला येऊ नये. गाबीत समाजाच्या पारंपरिक मच्छीमारांनी, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांनी मोठ्या यांत्रिकी नौकांच्या बेसुमार मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला आहे. समुद्र राखण्याचं त्यांचं कारण आपल्या कारणापेक्षा जास्त सच्चं आहे. स्कूबाच्या होड्यांवरची बरीच मुलंही याच घरांतली. शहरातून येणाऱ्या स्वयंसेवकाने मोजणीचं तंत्र आणावं, खडपांचं ज्ञान त्यांच्याकडून घ्यावं आणि नोंदींवर दोघांची नावं लिहावीत.

सहकार्याने काय होतं याचा दाखला आपल्या राज्यात आहे. जाळ्यात सापडलेलं कासव, व्हेल शार्क किंवा डॉल्फिन यांसारखा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये आणली. त्यासाठी फोटो आणि व्हिडिओचा पुरावा लागतो. किनाऱ्यावरच्या कुटुंबांना ही योजना समजावून सांगणं, अर्ज भरायला मदत करणं, हे डुबकीइतकंच महत्त्वाचं स्वयंसेवी काम आहे.

कायदाही माहीत हवा. २००१ पासून व्हेल शार्क, समुद्रघोडे, कठीण प्रवाळ, समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आले आहेत. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून घरी आणणं हासुद्धा गुन्हा ठरतो. अभयारण्यात पाहणी, नमुने, लागवड असं काही करायचं तर वनखात्याची परवानगी लागते. ती संस्थेने घेतली आहे का हे स्वयंसेवकाने विचारायलाच हवं. आणि होडीत बसताना लाइफ जॅकेट घाला, माणसं मोजून घ्या. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला होता.

संस्था कशी पारखावी

आता अंदमान, पुदुच्चेरी, थायलंड, बाली, मालदीव इथे ‘संवर्धन शिबिरं’ विकली जातात. दोन-चार आठवड्यांचे लाखभर रुपये मोजून स्वयंसेवक जातात. पैसे घेणं वाईट नाही, होडी, सिलिंडर, प्रशिक्षक यांना खर्च येतो. पण पैसे देण्याआधी पुढचे प्रश्न पत्र लिहून विचारा. नोंदी कुणाकडे जातात आणि त्यावर आधारित अहवाल कुठे बघायला मिळेल? कामावर सागरी जीवशास्त्र शिकलेलं कोण आहे? एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ असतात? गावातली किती माणसं पगारावर आहेत? जखमी झालो तर प्राणवायूची सोय होडीवर आहे का, आणि दाबकक्ष असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं? या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरी संस्था शोधा. ‘ग्रीन फिन्स’ हा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पाठिंब्याने २००४ पासून चालणारा उपक्रम आहे. त्यात स्कूबा केंद्रांची पर्यावरणाच्या कसोटीवर तपासणी होते. थायलंड, फिलिपिन्स, मालदीवला जाणार असाल तर त्यांची यादी आधी बघा. पाणबुड्यांसाठीचा वेगळा अपघात विमाही काढा, नेहमीच्या आरोग्य विम्यात स्कूबा बहुधा धरलेलं नसतं.

प्रवाळ लागवडीबद्दल विशेष सावध राहा. लोखंडी चौकटीवर प्रवाळाचा तुकडा बांधायचा, फोटो काढायचा, त्याला नाव द्यायचं, हे मनाला फार सुखावतं. मालवणात आणि अंदमानात जाणकारांच्या देखरेखीखाली असे प्रयत्न झाले आहेत, त्यांना विरोध नाही. पण जगभरातल्या लागवड प्रकल्पांचा २०२० मध्ये आढावा घेतला, तेव्हा साठ टक्के प्रकल्पांनी दीड वर्षाहून कमी काळ पाहणी केल्याचं दिसलं. लावणारे पुष्कळ, नंतर जाऊन बघणारे थोडे. तुम्हाला लागवडीला बोलावलं तर विचारा की गेल्या वर्षी लावलेल्यांचं काय झालं. ते तुकडे साफ करायला आणि मोजायला जायची तयारी दाखवा. ज्या पाण्यात सांडपाणी येतं, गाळ येतो, तिथे लावलेलं टिकत नाही, तिथे आधी किनाऱ्यावर काम करायला हवं.

पाण्यात न उतरता

स्कूबा सगळ्यांना झेपेल असं नाही, पैशाने किंवा प्रकृतीने. त्याने अडत नाही. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी ओहोटीच्या वेळी हाजी अली, गिरगाव, जुहूच्या किनाऱ्यांवर लोकांना घेऊन जातात आणि दिसलेले जीव ‘आयनॅचरलिस्ट’वर नोंदवतात. मुंबईच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे हे अनेक मुंबईकरांना अशा फेऱ्यांतून पहिल्यांदा कळलं. पुढे किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीचे काही प्रवाळ दुसरीकडे हलवावे लागले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांच्या रक्षणाला सुरुवात केली आणि गावकऱ्यांनी ते काम आपलं केलं. ऑस्ट्रेलियातल्या ‘ग्रेट रीफ सेन्सस’मध्ये तर पाणबुड्यांनी काढलेले फोटो घरी संगणकावर बघून प्रवाळाचे प्रकार नोंदवायचे असतात. नाशिकच्या किंवा नागपूरच्या घरात बसून ते जमतं.

मालवणचा हंगाम ऑक्टोबर ते मे. जून ते ऑगस्ट किनाऱ्यावर स्कूबा बंद असतं, जून-जुलैत यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. तयारीसाठी हेच महिने घ्या. पोहणं कच्चं असेल तर गावातल्या तलावावर नाव घाला. डॉक्टरकडून कान आणि छाती तपासून घ्या. मासळीबाजारातून वीस माशांची नावं पाठ करा. स्कूबाचा कोर्स हंगामाच्या सुरुवातीला करा, पहिल्या वर्षी फक्त बॉयन्सी आणि रंगतक्ता एवढंच हाती घ्या, आणि एकच जागा निवडा, जिथे तुम्ही दरवर्षी परत जाऊ शकाल. अंदमानपेक्षा मालवण जवळ असेल तर मालवणच घ्या.